देवराई : अनामिक दात्यांचे दान

॥ श्री ॥

देवस्थानाच्या आवारात प्रवेश करताच भाविकांची दृष्टी भिंतीवरील संगमरवरी पाट्यांकडे जाते. कोणी मातापित्यांच्या स्मरणार्थ पायऱ्या बांधून दिलेल्या असतात, कोणी दीपमाळेची डागडुजी करून दिलेली असते, तर कोणी अन्नदानासाठी कायम ठेव ठेवलेली असते. या पाट्यांमागे श्रद्धा आहे, कष्टाचा पैसा आहे आणि कृतज्ञताही आहे. अशा दात्यांच्या आधारावरच देवस्थानांचे नित्योपचार आणि उत्सव चालतात, यात शंका नाही. परंतु सह्याद्रीच्या कुशीतील कितीतरी जुन्या देवस्थानांना याहूनही मोठे असे एक दान लाभलेले आहे आणि त्याची पाटी मात्र कोठेही लागलेली नाही. ते कोणी दिले, कोणत्या साली दिले, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. ते दान म्हणजे देवराई.

देवाच्या नावे राखलेले रान

गावाच्या सीमेवर, डोंगराच्या उतारावर अथवा ओढ्याच्या मुखाशी देवाच्या नावे राखून ठेवलेले रान म्हणजे देवराई. कोकणात तिला देवरहाटी असेही म्हणतात. कोठे ती मोजक्याच वृक्षांची असते, तर कोठे अनेक एकरांवर पसरलेली असते. भैरवनाथ, वाघजाई, काळकाई अशा ग्रामदैवतांच्या नावे ही राने राखली गेली. पुष्कळ ठिकाणी देव म्हणजे शेंदूर लावलेला एक तांदळा. त्यावर ना घुमट, ना कळस. वृक्षांच्या फांद्या हेच त्या देवाचे छत्र आणि पाखरांचा किलबिलाट हीच त्याची काकडआरती.

या रानाचा नियम साधा होता. येथे कुऱ्हाड चालवायची नाही. काही गावी पडलेली फळे वेचण्यास मुभा असे, तर काही गावी वाळलेली काटकीही बाहेर न्यायची नाही, इतका नियम कडक असे. गावाला एखादे झाड खरोखरच हवे असेल, तर आधी देवाला कौल लावायचा आणि देवाने उजवा कौल दिला तरच त्या झाडाला हात लावायचा. घराला तुळई हवी असो, नांगराला लाकूड हवे असो, की चुलीला सरपण हवे असो, गरिबातल्या गरीब माणसानेही या रानाकडे पाठ फिरवून दूरच्या डोंगराची वाट धरली. ज्याच्या घरी उद्याची भाकरी निश्चित नव्हती, त्याने समोर उभे असलेले धन देवाचे म्हणून सोडून दिले. त्यागाचा याहून मोठा पाठ कोणत्या ग्रंथात शोधावा?

ग्रंथांतही तो आहेच. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्राचा आशय असा आहे की, या चराचर जगतात जे जे काही आहे ते सर्व ईश्वराने व्यापलेले आहे. म्हणून माणसाने त्यागपूर्वक उपभोग घ्यावा आणि कोणाच्याही धनाचा लोभ धरू नये. श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हीच गोष्ट यज्ञाच्या अंगाने सांगितली आहे. देवतांनी दिलेले भोग त्यांना काहीही परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला तेथे चोर म्हटले आहे. सह्याद्रीतील शेतकऱ्याने उपनिषद वाचले नसेल, गीतेवरील भाष्येही ऐकली नसतील. परंतु गावाच्या जमिनीतील एक तुकडा देवासाठी सोडताना त्याने या दोन्ही ग्रंथांचे सार आचरणात आणले होते.

चंद्रभागेचे माहेर

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाळवंटात लक्षावधी वारकरी चंद्रभागेचे स्नान करतात. ती चंद्रभागा म्हणजेच भीमा नदी. तिचा उगम पुणे जिल्ह्यातील श्रीक्षेत्र भीमाशंकर येथे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाच्या सान्निध्यात, दाट अरण्यात होतो. देहू आणि आळंदीच्या घाटांना स्पर्श करणारी इंद्रायणी पुढे तुळापूर येथे याच भीमेला मिळते. म्हणजे वारकरी पंढरपुरी ज्या पाण्यात डुबकी घेतो, त्याचे माहेर डोंगरावरच्या रानात आहे. माहेर उजाड झाले तर सासरी आलेल्या लेकीची काय दशा होईल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भीमाशंकरचे हे अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे पाहावयास मिळतो. ही मोठी, तांबूस-तपकिरी खार सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर झेप घेत तिचा सारा संसार उंच फांद्यांवरच चालतो. त्यामुळे झाडांची रांग मध्येच तुटली, की शेकरूची वाट तुटते. माणसाला रुंद रस्ता म्हणजे सोय वाटते. शेकरूच्या दृष्टीने मात्र ती दरी असते.

रान आणि पाणी यांचे नाते आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुसळधार पाऊस कोसळतो आणि तरीही तेथील कित्येक वाड्यांवर चैत्र-वैशाखात हंड्यामागे हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करावी लागते. याचे कारण असे की, खालचा काळा कातळ फारसे पाणी धरून ठेवत नाही. उघड्या उतारावर पडलेला पाऊस माती घेऊन धावत सुटतो आणि थोड्याच वेळात दरीत जातो. दाट राईत मात्र पावसाचा थेंब आधी पानांवर थबकतो, मग खोडावरून ओघळतो आणि खाली साचलेल्या पालापाचोळ्याच्या जाड थरात मुरतो. मुळांच्या वाटेने हळूहळू झिरपलेले हे पाणी पुढे राईच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. म्हणूनच अनेक देवरायांच्या शेजारी झरा, कुंड अथवा ओढा आढळतो. देवाच्या पायाशी तीर्थ असते ही श्रद्धा आहे. त्या तीर्थाचे मूळ त्या राईत आहे, हा निसर्गाचा नियम आहे. श्रद्धा आणि नियम येथे हातात हात घालून उभे आहेत.

अभ्यासकांची साक्ष

१९७० च्या दशकात पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा पायी फिरून अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असताना या लहान लहान रानांत जुने वृक्ष, महाकाय वेली आणि औषधी वनस्पती कशा टिकून राहिल्या आहेत, हे त्यांनी जगापुढे मांडले. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. तेथील देवराईत गारंबीचा एक महावेल त्यांना आढळला. गुरांना सर्पदंश झाला असता उपचारासाठी त्या वेलाची साल नेण्यास दूरदूरच्या गावांतील लोक तेथे येत असत. इतरत्र नाहीसा झालेला तो वेल देवाच्या रानात उरला, म्हणून लोकांना तेथवर यावे लागे.

धनेश पक्ष्याची कथाही अशीच आहे. हा पक्षी जुन्या, ढोली पडलेल्या वृक्षांतच घरटे करतो. मादी त्या ढोलीत शिरून तिचे तोंड आतून लिंपून घेते आणि केवळ एक फट उघडी ठेवते. त्या फटीतून नर तिला व पुढे पिलांनाही वड-उंबरासारखी फळे आणून भरवीत राहतो. कित्येक आठवडे चालणारे हे अनुष्ठान एखाद्या तपस्व्यालाही लाजवील असे आहे. खाल्लेल्या फळांच्या बिया हा पक्षी रानभर टाकतो आणि त्यांतून नवे वृक्ष उगवतात. परंतु ढोली पडण्याइतका वृक्ष वाढण्यास अनेक पिढ्या जाव्या लागतात. गेल्या पावसाळ्यात लावलेले रोप त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून वृक्षारोपण कितीही पुण्यप्रद असले, तरी उभ्या वृक्षाचे रक्षण हे त्याच्याही आधीचे कर्तव्य होय.

भीती सरल्यावर काय उरावे?

पूर्वी देवराईतील फांदी तोडली तर देवाचा कोप होईल, अशी भीती लोकांच्या मनात होती. त्या भीतीने राने राखली, हे मान्य केले पाहिजे. आज ती भीती ओसरली आहे. शिक्षण वाढले, शहरांशी संबंध आला, लाकडाला भाव आला आणि कोठे कोठे देवराईच्या जागेलाही भाव आला. भीती गेली याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. भक्तिमार्गात देवाला भिण्यास सांगितलेले नाही. त्यावर प्रेम करण्यास सांगितले आहे. चिंता एवढीच आहे की, भीती गेली आणि तिच्या जागी प्रेमही आले नाही, तर ती जागा लोभ घेईल.

हे प्रेम संतांच्या चरित्रांत जागोजागी दिसते. श्रीतुकाराम महाराजांना चिंतनासाठी देहूजवळचा भंडारा डोंगर आपलासा वाटला. आळंदी येथे श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपाशी अजानवृक्षाला भाविक आजही वंदन करतात. विभूतियोगात श्रीभगवंतांनी सर्व वृक्षांमध्ये आपण अश्वत्थ आहोत, असे सांगितले आहे. राज्यकर्त्यांनाही हा विचार परका नव्हता. मराठेशाहीतील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसासारख्या वृक्षांना हात लावू नये, असे बजावले आहे, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे तेथे म्हटले आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी, राज्यरक्षणासाठी नौका बांधण्याची निकड असतानाही झाडामागचे माणसाचे कष्ट त्या राज्यकर्त्यांनी ध्यानात घेतले होते.

जीर्णोद्धार कशाचा?

येथे देणगीदार भाविकांनी विशेष विचार करावा, अशी एक गोष्ट आहे. देवराईला केवळ लाकूडतोडीचाच धोका आहे असे नाही. कित्येकदा भक्तीच्याच पोटी तिची हानी होते. लहानसे कौलारू देऊळ उतरवून तेथे सिमेंटचे भव्य मंदिर उभे राहते. त्यासाठी राईतील झाडे जातात. मग सभामंडप, मग भक्तनिवास, मग वाहनतळ. प्रत्येक वेळी हेतू शुद्धच असतो आणि प्रत्येक वेळी थोडी राई कमी होते. अखेरीस देव नव्या मंदिरात विराजमान होतो, परंतु त्याच्या नावे राखलेले रान उरत नाही.

या संदर्भात एक दृष्टान्त घ्यावा. समजा, एका गावचा मुलगा शहरात जाऊन संपन्न झाला. आईच्या स्मरणार्थ ग्रामदेवतेला सभामंडप बांधून देण्याचा त्याने संकल्प केला. आराखडा तयार झाला. मंडपाच्या जागेत राईतील बारा झाडे येत होती. गावकऱ्यांपैकी काहींना मंडप हवा होता, काहींना झाडे हवी होती. अखेर रीतीप्रमाणे कौल लावावा, असे ठरले. सर्व मंडळी देवीपुढे जमली. वृद्ध गुरव मात्र कौल लावण्यास तयार होईना. तो दात्याला म्हणाला, “दादा, ही राई देवीनं मागितली नव्हती. गावानं दिली होती. दिलेलं परत घ्यावं का, हे तिला कोणत्या तोंडानं विचारू? तुमची आई जत्रेला यायची तेव्हा तुम्हाला त्या बेहड्याखाली निजवून नैवेद्याला जायची. तिची आठवण ठेवायची म्हणता आणि तिची सावली तोडायची म्हणता.”

दाता बराच वेळ काही बोलला नाही. त्याला राग आला होता, कारण सर्वांसमक्ष त्याचे दान अडवले गेले होते. त्या दिवशी तो शहरात परतला. पुढे महिन्याभराने त्याचे पत्र आले. मंडप लहान करावा आणि तो राईच्या बाहेर, वाटेच्या तोंडाशी बांधावा. उरलेल्या रकमेतून पडके कुंड दुरुस्त करावे आणि राईच्या कडेने दगडी गडगा घालावा, असे त्याने कळवले होते. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता : आईच्या नावाची पाटी कोठे लावणार? गुरवाने उत्तर पाठवले, “मंडपाला लावा. राईत लावू नका. तिथं कुणाचीच नाही.”

या दृष्टान्ताचे तात्पर्य असे आहे. पाटी लावण्यात दोष नाही. माणसाला आपल्या माणसांची आठवण जपावीशी वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु देवराईचे दान वेगळ्या जातीचे आहे. ते एकदा देऊन संपत नाही. पहिल्या पिढीने रान सोडले, त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने ते न तोडता पुन्हा नव्याने दिले. मधली एक पिढी जरी चुकली असती, तरी आज तेथे उघडा माळ असता. जो भाविक आज त्या सावलीत क्षणभर विसावतो, तो अशा शेकडो अनामिक दात्यांचा ऋणी असतो. ते ऋण फेडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुढच्या भाविकासाठी ती सावली तशीच ठेवणे.

व्रतांचा मूळ अर्थ

आपल्या अनेक व्रतांचा जन्म झाडांच्या सान्निध्यात झाला आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला सुवासिनी वटवृक्षाचे पूजन करतात. पतीच्या दीर्घायुष्यासाठी दीर्घायुषी वृक्षाला सूत गुंडाळून प्रार्थना करणे, हा त्या व्रताचा भाव आहे. शहरांतून मात्र वडाच्या फांद्या तोडून विकल्या जातात आणि त्यांची घरात पूजा होते. दीर्घायुष्याची प्रार्थना तोडलेल्या फांदीपुढे कशी करावी? विजयादशमीला सोने म्हणून आपट्याची पाने देण्याची रीत आहे. एका पानाने भागणारे काम आज फांद्याच्या फांद्या ओरबाडून केले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते सोने रस्त्यावर पायदळी पडते. श्रीशंकराला बिल्वदल प्रिय आहे. परंतु भावाने वाहिलेले एक त्रिदळही त्या भोळ्या देवाला पुरते. पूर्वी वाहिलेले बेलपान धुऊन पुन्हा वाहता येते, असेही परंपरा सांगते. ज्या परंपरेने एवढी काटकसर शिकवली, तिच्याच नावाने झाडे ओरबाडली जाऊ नयेत.

यात्रेकरूंनी एवढे अवश्य करावे

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ज्या गावी जात, तेथे आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री मने झाडायची, असा त्यांचा क्रम होता. तीर्थयात्रेला येणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे स्मरण ठेवून पुढील गोष्टी कराव्यात :

पूजासाहित्य कापडी पिशवीत अथवा परडीत आणावे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातलेली आहे; परंतु कायद्याच्या आधी देवाची लाज असावी. पाण्याची बाटली घरून आणावी आणि रिकामी झाल्यास घरी परत न्यावी. निर्माल्य कुंडात अथवा नदीत न सोडता त्यासाठी ठेवलेल्या कलशातच टाकावे, म्हणजे त्याचे खत होऊ शकते. कुंडाच्या पाण्यात साबण लावून स्नान करू नये वा कपडे धुऊ नयेत. वानरांना खाद्यपदार्थ देऊ नयेत. त्यांचे अन्न रानात आहे.

देवराईत शिरताना आवाज खाली आणावा. ध्वनिक्षेपक, फटाके आणि वाहनांचे भोंगे तेथे वर्ज्य मानावेत. खालचा पालापाचोळा कचरा समजून झाडू नये वा पेटवू नये. ते त्या रानाचे अंथरूण आहे आणि पाणी त्यातच मुरते. खोडावर नावे कोरू नयेत. शोभेची परदेशी झाडे राईत आणून लावू नयेत. झाड लावण्याची इच्छा असेल तर आपल्या गावी, आपल्या अंगणात अथवा शेताच्या बांधावर वड, उंबर, आंबा, जांभूळ, बेहडा असे आपल्या मातीतले झाड लावावे आणि निदान तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे. लावलेल्या झाडाचे छायाचित्र काढणे सोपे असते. तिसऱ्या उन्हाळ्यातील कळशी उचलणे हे खरे व्रत आहे.

आणि शक्य असेल त्यांनी देवस्थानाच्या अखेरच्या टप्प्यात पायी चालावे. पूर्वी यात्रा म्हणजे चालणेच होते. चालताना वाटेवरचा ओढा भेटतो, करवंदाची जाळी भेटते, दगडावर टेकून वारा खाता येतो आणि कळस दिसण्यापूर्वीच मन निवलेले असते. गाडीच्या काचेआडून हे पुण्य पदरात पडत नाही.

दात्यांना विनंती

देवकार्यासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी नव्या बांधकामाबरोबरच जुन्या राईचाही विचार करावा. झऱ्याचे कुंड स्वच्छ करणे, राईभोवती गडगा घालणे, उन्हाळ्यात वणव्यापासून रक्षण करण्यासाठी कडेने जाळरेषा काढणे, राखणदाराचे मानधन देणे, ही सारी देवकार्येच आहेत. त्यांतून कळसासारखे दुरून दिसणारे काही उभे राहत नाही. वैशाखात दूरवरून आलेली एखादी वृद्ध माउली तहानलेली असेल, ती कुंडापाशी बसून ओंजळभर पाणी पिईल आणि पदराने तोंड पुसून “देवा, पांडुरंगा” म्हणत उठेल. दात्याचे नाव तिला ठाऊक असणार नाही. परंतु तिचा आशीर्वाद ज्याला पोहोचायचा त्याला पोहोचेल.

श्रींच्या कृपेने ही सद्बुद्धी सर्व भाविकांना लाभो, राया हिरव्या राहोत, झरे वाहते राहोत आणि यात्रा सुफळ संपूर्ण होवो.

॥ शुभं भवतु ॥